आधी पुडिंग, मग मटण

ओव्हनचं दार पंचवीस मिनिटं उघडायचं नाही, हे माझ्या आज्जीला पटत नाही. चुलीवर काही शिजत असलं की ते मधूनमधून बघावं लागतं, हलवावं लागतं, मिठाला चाखावं लागतं. नुसतं काचेसमोर बसून राहायचं म्हणजे स्वयंपाक नव्हे, एसटीची वाट बघणं झालं, असं तिचं म्हणणं. पण यॉर्कशर पुडिंगचं सगळं गणित त्या बंद दारावरच आहे. पुडिंग म्हटलं की आपल्याला काहीतरी गोड, थरथरणारं आठवतं. हे तसलं नाही. अंडी, मैदा आणि दूध तिन्ही सारख्या मापानं आणि चिमूटभर मीठ, एवढंच. सोडा नाही, यीस्ट नाही. हे पातळ पीठ तासभर झाकून ठेवायचं, मग धूर यायला लागलेल्या चरबीत ओतायचं आणि भांडं परत २२० अंशांच्या ओव्हनमध्ये सारायचं. पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती बाहेर पडायला धडपडते. अंड्यामुळे आणि मैद्याच्या चिवटपणामुळे वरचा पापुद्रा ताणला जातो पण फाटत नाही. बघता बघता वाटीभर पिठाचा पोकळ, तांबूस, कडेनं कुरकुरीत असा द्रोण तयार होतो. कडा पक्क्या व्हायच्या आधी दार उघडलं तर तो बसतो, आणि एकदा बसला की परत उठत नाही.

मी हे पहिल्यांदा खाल्लं लीड्समध्ये. २०२२ च्या हिवाळ्यात कंपनीनं मला तिकडच्या क्लायंटकडे चार महिन्यांसाठी पाठवलं होतं. टीममधल्या एका सहकाऱ्यानं एका रविवारी घरी जेवायला बोलावलं. मी काय खातो आणि काय खात नाही हे त्यानं आधीच विचारून घेतलं होतं, त्यामुळे माझ्यासाठी त्या दिवशी बीफऐवजी मेंढीचं मटण भाजलं होतं. पण ताटात पहिल्यांदा मटण आलंच नाही. आली ती नुसती पुडिंगं, एकेकाला दोन, आणि त्यावर दाट ग्रेव्ही. त्याची आई सत्तरीच्या पुढची. त्या म्हणाल्या, आमच्या लहानपणी हे असंच आधी आणि वेगळं वाढायचे. वडील सांगायचे, जो जास्त पुडिंग खाईल त्याला जास्त मटण मिळेल. पोरं मटणाच्या आशेनं पुडिंग हाणायची, आणि प्रत्यक्ष मटण येईपर्यंत पोटात जागाच उरायची नाही. टेबलाभोवतीचे सगळे हसले. यॉर्कशरमध्ये ही जुनी म्हण आहे, घरोघरी ठाऊक असलेली. मीही हसलो. आणि ग्रेव्हीत पुडिंगचा तुकडा बुडवताना मला आमच्या घरची आळणी आठवली.

अंथुर्णे हे आमचं गाव, इंदापूर तालुक्यात, बारामतीहून इंदापूरला जाताना लागतं. बेलवाडीचं गोल रिंगण झालं की तुकोबांची पालखी मुक्कामाला आमच्याकडे येते, त्यामुळे वारी केलेल्या लोकांना नाव माहीत असतं. बाकी नीरा डावा कालवा, ऊस आणि अलीकडे द्राक्षं-डाळिंब. माझ्या लहानपणी घर एकत्र होतं, चौदा माणसांचं. मटण व्हायचं ते जत्रेला, आखाडात, नाहीतर कुणी मोठा पाहुणा आला तर. दीड किलो आणायचं, हाडं धरून. आधी हळद-मीठ लावून शिजवायचं आणि त्याचं पाणी बाजूला काढायचं, ती आळणी. लहान पोरांना तिखट झेपत नाही म्हणून त्यांना भात आणि आळणी देऊन पहिल्यांदा बसवायचं. त्यांची पोटं टम्म झाली की मग आजोबा, पप्पा, चुलते आणि पाहुणे यांची पंगत. फोडी तिथे. मी जरा मोठा झाल्यावर त्या पंगतीत बढती मिळाली आणि नळी माझ्या नावावर झाली. शेवटी बायका. त्यांना पातेल्याच्या बुडाचा रस्सा, त्यात बाजरीची भाकरी कुस्करून. सगळ्यात शेवटी आज्जी. कुणी विचारलंच की तुला फोड राहिली का, तर ठरलेलं उत्तर यायचं: "मला रस्साच ग्वाड लागतो. फोडी दातात अडकत्यात."

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते उत्तर आहे हेच विसरलो होतो. आज्जीला रस्सा आवडतो, ही तिच्याबद्दलची एक माहिती होती, तिच्या हातावरच्या गोंदणासारखी. लीड्समधल्या त्या टेबलावर मला पहिल्यांदा शंका आली. तिथे निदान युक्ती काय होती ते सगळ्यांना माहीत होतं.

त्या पुडिंगाचा इतिहास मी त्यानंतर वाचून काढला. (हॉटेलच्या खोलीत हिवाळ्यात चार वाजता अंधार पडल्यावर माणूस काय करणार?) मुळात हे मटणाच्या खाली जन्मलेलं खाणं आहे. उघड्या विस्तवासमोर मांस फिरवत भाजायचे, त्याची चरबी थेंब थेंब गळायची, ती वाया जाऊ नये म्हणून खाली पिठाचं भांडं ठेवायचे. १७३७ च्या एका इंग्रजी पुस्तकात याची कृती गळत्या चरबीचं पुडिंग अशा नावानं आहे. १७४७ मध्ये हॅना ग्लास या बाईंच्या पाकपुस्तकानं यॉर्कशरचं नाव सगळीकडे पोचवलं. आज त्याचा अभिमान इतका की २००८ मध्ये तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं जाहीर केलं, चार इंचांपेक्षा कमी उंचीचं असेल तर ते यॉर्कशर पुडिंगच नव्हे. अर्धी गंमत, अर्धा गर्व. आपल्याकडे ठेचा-भाकरीचं जे झालं तेच. गरजेपोटी जे खाल्लं ते परंपरा म्हणून मिरवायला लागलो, आणि हायवेवरच्या ढाब्यावर त्याचे अडीचशे रुपये द्यायला लागलो.

पण पुडिंगानं पोट भरून वाचवलेलं मटण जायचं कुणाकडे? लंडनच्या लॅम्बेथ भागात मॉड पेंबर रीव्ह्ज आणि त्यांच्या फेबियन मैत्रिणींनी आठवड्याला साधारण एक पौंडावर चालणारी घरं काही वर्षं जवळून पाहिली आणि १९१३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्यात जे दिसतं ते आमच्या स्वयंपाकघराहून फार वेगळं नाही. मटण आणायचं ते कामावर जाणाऱ्या पुरुषासाठी. पोरांना बटाटे आणि ग्रेव्ही. बाईनं स्वतः काय खाल्लं, हे मात्र खोदून विचारावं लागतं.

परत आल्यावर कंपनीनं आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायला परवानगी दिली आणि मी बराच काळ गावी राहू लागलो. बारामतीतून ओटीजी आणला. पहिल्यांदा केलं ते गव्हाच्या पिठाचं, कारण मैदा पोटाला वाईट असं आईनं व्हॉट्सअॅपवर वाचलं होतं. ते फुगलंच नाही. आज्जीनं तुकडा मोडून पाहिला आणि "धिरडं जळालंय" असा निकाल दिला. दुसऱ्या वेळेला मैदा घेतला, सगळं जुळून आलं, वाट्यांतलं पीठ वर चढायला लागलं आणि बाराव्या मिनिटाला लाईट गेली. तिसऱ्या वेळेला माझ्या लक्षात आलं की चूक तेलात होती. मी तेल नुसतं कोमट करत होतो. पीठ पडताना चर्र आवाज आला नाही तर पुढे काहीच होत नाही. चरबीचा प्रश्न खाटकानं सोडवला. मटणाबरोबर बोकडाची पांढरी चरबी मागितली तर त्यानं वर्तमानपत्रात बांधून फुकट दिली, वर "कशाला?" म्हणून संशयानं विचारलंही. ती मंद आचेवर कढवली, गाळली, बरणीत भरली. मफिनचा ट्रे नव्हता म्हणून स्टीलच्या वाट्या घेतल्या. प्रत्येकीत चमचाभर चरबी, ओव्हनमध्ये दहा मिनिटं, मग पीठ, आणि मग दार बंद. त्या दिवशी ती चार इंच उठली. मी पट्टी लावून मोजलं.

त्याच सुमाराला आज्जीला धाप लागायला लागली. पायऱ्या चढताना थांबायची, भिंतीला हात लावायची. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.२. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, अंडी खाऊ द्या, मटण-कलेजी खाऊ द्या, तुमच्यात चालतं ना. घरी येऊन मी दीड किलो मटण आणलं. आता घरात माणसं पाच, म्हणजे फोडींची कमी नव्हती. आज्जीच्या ताटात मी सहा फोडी वाढल्या. तिनं त्या एकेक करून माझ्या ताटात ठेवल्या. "मला रस्साच ग्वाड लागतो," ती म्हणाली.

त्या उत्तराचं काय करायचं, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. बहात्तर वर्षांची शहाणी बाई सांगतेय की मला अमुक आवडतं. तिच्या आवडीवर शंका घेणारा मी कोण? आणि शंका घ्यायची नाही, तर ७.२ चं काय?

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, हे आपण शाळेत शिकतो आणि कोल्ह्याला हसतो. जॉन एल्स्टर या नॉर्वेजियन विचारवंतानं १९८३ मध्ये या गोष्टीच्याच नावाचं पुस्तक लिहिलं. त्याचा प्रश्न साधा आहे. समजा कोल्ह्याला मनापासून वाटतंय की द्राक्षं आंबट आहेत. मग द्राक्षं दुसऱ्या कुणी खाल्ली तर कोल्ह्याचं काही नुकसान झालं का? त्याला नको असलेली वस्तू त्याला मिळाली नाही, बस. प्रत्येकाला हवं ते मिळालं म्हणजे न्याय झाला असं मानणाऱ्यांची इथे पंचाईत होते, कारण न मिळणाऱ्या गोष्टी हव्याशा वाटणं बंद होणं हा मनाचा स्वभावच आहे. अमर्त्य सेन याचं एक उदाहरण देतात ते विसरता येत नाही. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कलकत्त्याजवळच्या सिंगूरमध्ये विधवा आणि विधुरांना तब्येत विचारली. विधुरांपैकी ४८.५ टक्के म्हणाले की आपण आजारी आहोत किंवा तब्येत यथातथा आहे. विधवांपैकी असं म्हणणाऱ्या २.५ टक्के. म्हणजे दुष्काळातून निघालेल्या त्या बायका ठणठणीत होत्या असं नाही. तक्रार करण्याजोगी तब्येत आपल्यालाही असते, हेच त्यांच्या हिशेबात नव्हतं.

मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला हे डिफॉल्ट सेटिंगसारखं दिसतं. कुणी मुद्दाम निवडलेलं नसतं, पण चालू तेच असतं, आणि बदलायला गेलं की "आहे ते बरं आहे की" असं ऐकू येतं. जॉन स्टुअर्ट मिलनं दोन सुखांपैकी वरचं कोणतं हे ठरवण्यासाठी १८६३ च्या आपल्या पुस्तकात एक कसोटी सांगितली होती: ज्यानं दोन्ही अनुभवली आहेत त्याला विचारा. ही कसोटी मला सोयीची वाटली. आज्जीनं फोडी नीट कधी खाल्ल्याच नाहीत, तेव्हा तिचं मत ग्राह्य नाही, असं म्हणून मी मोकळा झालो. पुढच्या रविवारी तिला खायला लावायचं, पोटभर, सगळ्यांच्या आधी, आणि मग विचारायचं.

इथे मला आमच्या कालव्याबद्दल थोडं सांगायला हवं. घराच्या मागे नीरा डावा कालवा वाहतो. १८७६-७८ च्या दुष्काळानं हा मुलूख पिळून काढला, आणि त्यानंतरच्या दशकात इंग्रजांनी हा कालवा पुरा केला. त्याच दुष्काळात, १८७७ च्या जानेवारीत, सर रिचर्ड टेंपल या साहेबानं दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत असं ठरवलं. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, दिवसभर दगड-माती उचलणाऱ्याला. तीनच वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात याच टेंपलनी सढळ हातानं धान्य वाटलं होतं आणि उधळ्या म्हणून शिव्या खाल्ल्या होत्या. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश भांडले की एवढ्यावर माणूस जगत नाही. पण पळी टेंपलच्या हातात होती. दुसऱ्याला किती पुरतं हे ठरवणाऱ्याचं स्वतःचं पोट भरलेलं असतं, हे मी त्या वेळी मोठ्या त्वेषानं डायरीत लिहून ठेवलं. डायरीतली वाक्यं नेहमी जरा जास्तच छान असतात.

तर तो रविवार. सकाळी पीठ भिजवून ठेवलं. चार अंडी, त्याच मापानं मैदा आणि दूध. आज्जी ओट्याजवळ पाटावर बसून लसूण सोलत बघत होती. अंडं तिला चालतं पण आवडत नाही, उष्ण पडतं म्हणते. आईनं मटण केलं. मी वाट्या ओव्हनमध्ये सारल्या. आज्जीनं दोनदा "बघ की जरा" म्हटलं, मी दोनदा नाही म्हटलं. पुडिंगं निघाल्यावर पहिलं ताट तिचं वाढलं. दोन पुडिंगं, त्यांच्या पोकळीत तांबडा रस्सा, बाजूला सहा फोडी.

पुडिंग तिनं आवडीनं खाल्लं. रस्सा धरून ठेवतं, भाकरीसारखं लगेच विरघळत नाही, हे तिला पटलं. "आतून मऊ, कडंला कडक. तुझ्या सायबाचं धिरडं बरं हाय." फोडींपैकी दोन खाल्ल्या, माझ्याकडे बघत, औषध घेतल्यासारख्या. उरलेल्या चार परत माझ्या ताटात.

मग मी तिला सगळं सांगितलं. लीड्सची म्हण, पुडिंग आधी आणि मटण नंतर, बायकांना कसं उरलंसुरलं मिळायचं, तुझ्यावर कसा अन्याय झाला. माझा आवाज थोडा चढला असावा. ती लसणाची सालं गोळा करत होती. म्हणाली, "आरं, मला काय कुणी बांधून ठिवलं व्हतं का? पळी माझ्या हातात. पातेलं माझ्याम्होरं. मला खायाचं असतं तर म्या पाच-सहा फोडी आधीच बाजूला काढल्या असत्या. कुणाच्या बाला कळलं नसतं."

"मग का नाही काढल्यास?"

"का काढू? तुझं आजोबा रातभर दारं धराया उभं राहायचं. तुमी वाढीची पोरं. कुणाला किती लागतं ते वाढणारीला कळतं."

आमची जमीन तेव्हा कालव्याच्या वरच्या अंगाला होती, पाणी चढायचं नाही. बाहत्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची, पप्पा तीन वर्षांचे होते. अमेरिकेहून आलेला मिलो, ती लाल ज्वारी, तिची भाकरी थापताच यायची नाही म्हणून तिनं कण्या शिजवल्या. तेव्हाही पळी तिच्याच हातात होती, असं ती सांगत होती. सांगताना तिच्या आवाजात दुःख नव्हतं. हिशेब जमवलेल्या माणसाचा आवाज होता. चौदा माणसं, दीड किलो, आणि कुणी उपाशी उठलं नाही.

मी गप्प झालो. मी तिला कोल्हा समजत होतो. तिला द्राक्षं आंबट वाटत नव्हती, तिनं ती वाटून टाकली होती आणि "मला आवडत नाहीत" हे वर सांगितलं होतं, घेणाऱ्याला लाजल्यासारखं होऊ नये म्हणून. त्यात खोटं असेल तर ते आदबीचं खोटं आहे. आणि पन्नास वर्षं सांगितल्यावर ते खरंही झालं असेल. माणूस जे देऊन टाकतो त्याची चव त्याच्या तोंडून जात असेल, तर त्याला बिघाड म्हणायचं का, हे मला एल्स्टर वाचून कळलं नाही. टेंपल आणि आज्जी यांच्यातला फरक मात्र दिसला. दोघांनीही दुसऱ्यांना किती पुरतं ते ठरवलं. पण सगळ्यात कमी वाढलेलं ताट आज्जीनं स्वतःपुढे ओढलं.

मी हे सगळं ताईला फोनवर सांगितलं. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पुण्यात असते. मला वाटलं ती हळवी होईल. ती म्हणाली, "आज्जीच्या हातात पळी होती. माझ्या हातात काय होतं?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही.

"तू नळी चोखायचास तेव्हा मी कुठे बसायचे?"

ताई बायकांच्या पंगतीत बसायची. मी आठ वर्षांचा होतो तेव्हा पुरुषांच्या पंगतीत गेलो, आणि ती अकरा वर्षांची, आईच्या शेजारी, भाकरी कुस्करत. नववीत असताना ती प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन दोनदा पडली होती. शाळेतून निरोप आला होता. मला यातलं काहीच आठवत नाही, आणि मला उन्हाळ्यातल्या क्रिकेटच्या धावासुद्धा आठवतात. ताई आता मटण खात नाही. फोडी तर नाहीच, फार तर थोडा रस्सा. सासरी सगळे खातात, हिला नको असतं. "आवडत नाही" असं सांगते. "आणि खरंच आवडत नाही रे," ती म्हणाली. "पण का आवडत नाही ते मला कधीच कळणार नाही, आणि त्याचा मला जास्त राग येतो."

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी निघालं. हा आकडा मी पूर्वीही वाचला होता. तेव्हा त्यात माझं घर नव्हतं.

मी आज्जीला विचारायला नको होतं, पण विचारलं. ताईला का नाही दिल्या? यावर तिला लगेच उत्तर सुचलं नाही. बराच वेळ ती काचेतून ओव्हनकडे बघत राहिली. तो बंद होता. मग म्हणाली, "पोरीला सवय लागाया नको. उद्या सासरी कोण देतंय? हितं खाऊन तिथं तोंड मारून बसण्यापरीस नगंच वाटल्यालं बरं."

यात क्रूरपणा शोधायचा मी बराच प्रयत्न केला, म्हणजे रागावणं सोपं गेलं असतं. पण ती ताईला जपत होती. स्वतःला जो मार बसला तो नातीला बसू नये म्हणून तिनं नातीची भूकच आधी कमी करून ठेवली. एल्स्टरच्या गोष्टीत कोल्हा एकटा असतो. इथे मोठी कोल्हीण पिल्लाला सांगतेय की बाळा, द्राक्षं आंबट असतात, उड्या मारून पाय मोडून घेऊ नकोस. संत समाधान शिकवतात ते आपलं आपण मिळवायचं असतं. दुसऱ्यानं आपल्या ताटात वाढलेलं समाधान तेच असतं का? आज्जीचं स्वतःचं कदाचित असेल. ताईचं नव्हतं, कारण तिला काय सोडतोय ते सोडण्याआधी दाखवलंच नाही. आणि मिलची कसोटी इथे अगदीच निरुपयोगी ठरते, कारण ताईनं आज बळेच फोडी खाऊन पाहिल्या तरी न्यायाधीश म्हणून जी जीभ बसणार ती आमच्याच घरानं तयार केलेली.

पालखीच्या मुक्कामाला हीच आज्जी वारकऱ्यांना पिठलं वाढते तेव्हा तिची पळी सगळ्यांना सारखी पडते. पुरुष, बाई, पोर, कुणालाही. हे मी तिला सांगितलं तर म्हणाली, "तिथं काय कमी असतंय व्हय." बरोबर होतं ते. पण आता घरातही कमी नाही, आणि पळी अजून जुन्याच मापानं चालते, आईच्या हातातसुद्धा.

गोळ्यांनी आणि वेळेनं आज्जीचं हिमोग्लोबिन साडेनऊवर आलं आहे. पुडिंगाचाही थोडा हात असावा. रविवारी ती तीन खाते, म्हणजे दीडेक अंडं तरी पोटात जातं. मी यात काही लपवलेलं नाही, अंडी तिच्यासमोर फोडतो. "दिसत न्हाईत ना, मग चालतंय," असं ती म्हणते. पोरांना फसवून मटण वाचवायला काढलेला पदार्थ म्हातारीच्या पोटात अंडी घालायला वापरला जातोय, हे लीड्सच्या त्या बाईंना मी इमेलनं कळवलं. त्यांनी उत्तरात विचारलं की बोकडाची चरबी नक्की किती वेळ तापवता.

यंदा आखाडात ताई दोन दिवस आली होती. रविवारी मटण, पुडिंगं, सगळे एकाच पंगतीत, हे आता ठरून गेलं आहे. पातेलं मधे आल्यावर आज्जीनं पळी उचलली, क्षणभर धरली आणि ताईपुढे केली. "तू वाढ."

ताईनं वाढलं. पप्पांना चार, आईला चार, मला चार, आज्जीला चार. मोजून, नजरेनं नव्हे, मोठ्यानं आकडे म्हणत. नळी आली ती तिनं आईच्या ताटात टाकली. आज्जी प्रत्येक पळीबरोबर मान हलवत होती, तिचा हिशेब वेगळा चाललेला दिसत होता. शेवटी ताईनं स्वतःच्या ताटात दोन पुडिंगं घेतली आणि त्यात रस्सा ओतला, नुसता.

"फोड घे की एखादी," आज्जी म्हणाली.

"मला रस्साच ग्वाड लागतो," ताई म्हणाली, अगदी आज्जीच्या आवाजात, आणि हसली. आई हसली, पप्पा हसले. आज्जी हसली नाही. तिनं आपल्या ताटातली एक फोड उचलली, ताईच्या ताटाच्या कडेवर ठेवली आणि परत आपलं जेवायला लागली. ताईनं ती खाल्ली की नाही ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या घाण्याची वेळ झाली होती आणि मी ओव्हनपाशी होतो.